वाळूची बहीण, कड्याची बहीण

ओडेलिया स्ट्राउडला एका जागी बूड टेकवता येत नाही, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. एकतीस वर्षं तिने शाळेची बस चालवली. तेवढा वेळच काय ती बसली असेल, असं तिचा नवरा मर्ल म्हणतो. चर्चमध्ये ती शेवटच्या बाकाच्या टोकाला बसते, म्हणजे मध्येच उठून बाहेर जाता येतं. कुणाकडे जेवायला गेली तर लोकांचा घास तोंडात असतानाच हिला ताटं गोळा करायची घाई. बाई मनाने सोन्यासारखी, पण समोरच्याची चूक दिसली की ती गिळणं तिला जमत नाही. आणि चूक तिला दिसतेच, कारण देवाने डोळेच तसे दिलेत.

पाशेकोंच्या जुळ्या मुली सख्ख्या आईलाही पाठमोऱ्या ओळखू येत नसत. ओडेलिया बसच्या आरशात एकदा बघायची आणि ओरडायची, "लिडिया, पाय खाली घे. हो, तूच! बहिणीच्या नावावर खपवू नकोस." पोरींनी कपडे बदलून पाहिले, केस बदलून पाहिले, पण डाळ शिजली नाही.

बसची नोकरी सुटली तशी हे डोळे वॉलफ्लॉवर नावाच्या रानफुलाला लागले.

आमच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा लांब दांडा आहे. त्या वाळूत मेन्झीज नावाचं वॉलफ्लॉवर उगवतं, आणि जगाच्या पाठीवर फार थोड्या ठिकाणी उगवतं. दांड्याच्या उत्तर टोकाला उंच कडा आहे. त्या कड्यावर या मेन्झीजची सख्खी बहीण राहते, दुसऱ्या जातीचं वॉलफ्लॉवर. दोघींना मोहरीसारख्या चार पाकळ्या, दोघींना तोच गोडसर वास. कड्यावरची भरपूर आहे, तिला कुणी विचारत नाही. वाळूतलीचं नाव मात्र दुर्मीळ झाडांच्या सरकारी यादीत आहे, आणि परवान्याशिवाय तिचं पानही तोडता येत नाही.

ओळखायचं कसं, तर वाळूतली बुटकी, पानं जाड, टोकाशी चमच्यासारखी गोल, फूल हळदीसारखं पिवळं, शेंगा आडव्या पसरलेल्या. कड्यावरची उंच, पानं अरुंद आणि टोकदार, फूल सायीच्या रंगाचं, शेंगा वर तोंड केलेल्या. सांगायला सोपं आहे. पण खाऱ्या वाऱ्यात वाढली की कड्यावरचीचीही पानं जाड होतात, टोकं बोथट होतात, आणि भलेभले फसतात. म्हणून दर वसंतात, इथली झाडं जपणाऱ्या आमच्या किनारा मंडळीत नवे स्वयंसेवक आले की ओडेलिया कमरेवर हात ठेवून त्यांना बजावते, "पान खोटं बोलतं. फूल बघा, शेंग बघा, मग तोंड उघडा." मागच्या वर्षी एका निवृत्त दंतवैद्याने पानावरून नाव सांगितलं तर तिने त्याला चारचौघांत असा झाडला की बिचारा पुन्हा फिरकला नाही.

या झाडाची आणखी एक खोड आहे. ते दोन-चार वर्षं नुसतं पानांचा गुच्छ होऊन वाळूला चिकटून बसतं, मग एकदाच फुलतं, बी धरतं आणि मरतं. जुलैत बी गोळा करायला जावं तर पानं गळालेली, पाकळ्या उडालेल्या, सगळीकडे नुसत्या वाळक्या काड्या. म्हणून आमच्याकडची पद्धत अशी, की मार्चमध्ये फूल बघून खात्री झाली की झाडाशेजारी बांबूची काडी रोवायची आणि तिला निळी लोकर बांधायची. जुलैत निळं दिसेल तेवढंच कापायचं. लोकर कसली, नायलॉनच ती, वर्षानुवर्षं कुजत नाही. ओडेलिया ती बांधते तिच्या बापाच्या गाठीने. बाप अझोर्स बेटांवरून आलेला कोळी होता. ती गाठ मर्लला चाळीस वर्षांत जमलेली नाही आणि शिकवायला बसावं एवढा दम तिला नाही.

मर्ल लाकडाच्या ओंडक्यांचे ट्रक चालवायचा. माणूस संथ, बोलणं संथ. एक गोष्ट सांगायला लागला की ओडेलिया मध्येच, "मंगळवार नव्हता तो, गुरुवार होता." पाव कापला की, "जाड कापलास." गाडी लावली की, "वाकडी लावलीस." आणि बहुतेक वेळा तिचंच खरं असायचं, हीच तर पंचाईत. मर्ल म्हणायचा, "मास्तरीणबाई, एकदा तरी पास करा." लोक हसायचे, तोही हसायचा. एकेचाळीस वर्षं असंच चाललं होतं.

चार वर्षांपूर्वी ओडेलियाच्या गुडघ्याचं ऑपरेशन अचानक अलीकडे आलं. मे महिन्यातलं मार्चच्या पहिल्या आठवड्यावर. कुणाचा तरी नंबर रद्द झाला म्हणून डॉक्टरांनी तिला आत घेतलं. घाईघाईत तिने दोन दिवसांत काड्या रोवल्या आणि मग चार महिने घरात अडकली. तिला अडकवून ठेवणं म्हणजे मांजराला पिशवीत घालणं. जुलै आला तरी वाळूत पाय टाकायची परवानगी नव्हती. तेव्हा मर्ल म्हणाला, "मी आणतो तुझं बी."

"तू?"

"निळी काडी दिसली की कापायचं. त्यात काय रॉकेट उडवायचंय?"

"निळी काडी दिसली की शेंगा कापायच्या, पाकिटात घालायच्या, आणि डोकं चालवायचं नाही," ओडेलियाने बजावलं. "अजिबात चालवायचं नाही, मर्ल."

त्याने चालवलं नाही. तीन दिवस उन्हातान्हात वाळूत वाकून पाकिटं भरून आणली. हिवाळ्यात पाऊस सुरू झाल्यावर परदेशी वाळूगवत उपटून मोकळ्या केलेल्या तुकड्यावर स्वतःच्या हाताने ते बी पेरलं. सशांनी खाऊ नये म्हणून चारी बाजूंनी जाळी ठोकली. पुढच्या वर्षी रोपं आली, आणि किती, तर तीनशे बारा! मंडळींनी आजवर पेरलेल्या कुठल्याही तुकड्यावर शंभरसुद्धा आली नव्हती. लोक त्या जागेला 'मर्लचा मळा' म्हणायला लागले. माणूस दोन इंच उंच झाला. न्हाव्याकडे गेला तरी बोलता बोलता विषय मळ्यावर आणायचा. रोज सकाळी थर्मास घेऊन तिथे जायचा आणि कुणी वाटसरू थांबला की त्याला माहिती द्यायचा, अर्धी चुकीची. आणि नवल म्हणजे तेवढ्या बाबतीत ओडेलिया त्याला दुरुस्त करत नसे.

या मार्चमध्ये मळा पहिल्यांदा फुलायला आला.

सोमवारी सकाळी धुकं होतं. ओडेलिया मर्लच्या आधी, एकटीच मळ्यावर गेली. गुच्छांच्या मधून दांडे वर आले होते, कळ्या फुगल्या होत्या, आणि तीन झाडं उमलली होती. ती गुडघा सांभाळत खाली बसली. फूल पिवळं होतं, पण उतरलेलं. दूध जास्त झालेल्या चहाला जो रंग येतो तसा काहीतरी. दांडा तिच्या ओळखीपेक्षा दोन बोटं उंच. तिने भिंग काढलं, पान उलटंपालटं केलं. पान जाड होतं, टोकही बऱ्यापैकी गोल. मग तिने फुलाकडे पुन्हा बघितलं आणि भिंग खिशात टाकलं.

धुक्यामुळे असेल, ती स्वतःला म्हणाली. पहिलं फूल फिकं येतं कधी कधी. सावलीत बघतोय आपण. हे सगळं ती मोठ्याने बोलत होती आणि त्यातला एकही शब्द तिला पटत नव्हता. पाशेकोंच्या मुली ओळखणारे डोळे ते, त्यांना काय समजावणार?

घरी आली तर मर्ल इस्त्री करत होता. मर्ल आणि इस्त्री!

"शुक्रवारी येतायत," तो म्हणाला.

"कोण?"

"पेपरवाले. मंडळीतून कोरिनचा फोन होता. मळ्याचा फोटो काढणार, माझ्यासकट. निळा शर्ट घालू की चौकटीचा?"

"निळा," ओडेलिया म्हणाली आणि कॉफी ओतायला लागली. कप भरून वाहिला तरी तिला कळलं नाही.

त्या दिवशी तिने फ्रीज पुसला, मग भांड्यांची कपाटं रिकामी केली, मग पुन्हा भरली. मर्ल म्हणाला, "ईस्टरच्या साफसफाईला वेळ आहे अजून." तिने पुढचं कपाट उघडलं. त्याने पाव जाड कापला, तरी तिने टोकलं नाही. तेव्हा मात्र मर्लने तिच्या कपाळाला हात लावून बघितलं.

मंगळवारी अकरा झाडं उमलली होती. अकराही फिकी. आता धुकं नव्हतं, लख्ख ऊन होतं, आणि सबबी संपल्या होत्या. ही कड्यावरची बहीण होती. तीनशे बाराच्या तीनशे बारा.

आणि हे नुसतं चुकलं म्हणून सोडून देण्यासारखं नव्हतं. मळ्यापासून दोनशे पावलांवर खरी मेन्झीज उभी होती, दांड्यावरची सगळ्यात जुनी वस्ती. आठवड्याभरात ती उमलणार. मधमाश्यांना सरकारी यादी वाचता येत नाही. त्या इथला पराग तिथे नेणार, मग ना धड ही ना धड ती अशी रोपं येणार, आणि वीस-पंचवीस वर्षांनी खरी कुठली हे सांगायला कुणी उरणार नाही. मळा उपटायला हवा होता, आणि या आठवड्यातच. मर्लला हे सांगायचं कसं, या एका प्रश्नाने ती आतून पोखरली गेली.

किनारा मंडळीचं काम कोरिन येट्स बघते. तिशीची मुलगी, वनस्पतींचं रीतसर शिक्षण घेतलेली, पण ओडेलियाला विचारल्याशिवाय पान हलवत नाही. ओडेलिया तिच्या ऑफिसात गेली, दाराशी उभी राहिली, आत आली, खुर्ची ओढली आणि बसली नाही.

"मळा कड्यावरचीचा आहे," ती म्हणाली.

कोरिनने हातातलं पेन खाली ठेवलं. "नक्की?"

"मी विचारायला आले नाहीये. सांगायला आलेय."

"पण हे झालं कसं?"

इथे ओडेलियाने एक क्षणही विचार केला नाही. चूक म्हटली की ती कुणाची हे तिला आधीपासून पाठ होतं. "कसं म्हणजे? मर्ल. कड्यावर चढला असणार. वर चांगल्या भरलेल्या शेंगा दिसल्या असतील, म्हटलं असेल चला, तेवढंच जास्त. मी त्याला सांगितलं होतं डोकं चालवू नकोस म्हणून!"

"अरेरे," कोरिन म्हणाली. "बिचारे मर्लकाका. किती खूश होते हो." मग तिने आवाज हलका केला. "त्यांना काही सांगायलाच नको. मी फोटो रद्द करते. आपण म्हणू, कड्यावरून वाऱ्याने बी येऊन पडलं, त्याचीच रोपं माजली. कुणाचाच दोष नाही. रोपं आम्ही उपटतो, तुम्ही काकांना दोन दिवस कुठेतरी फिरायला न्या."

मुलगी चांगली आहे. ओडेलियाला ते इतकं बरं वाटलं की ती अखेर खुर्चीवर बसली. पण दोन मिनिटांतच पुन्हा उठली. तीनशे बारा बिया वाऱ्याने येतात आणि बरोब्बर जाळीच्या आत पडतात? मर्ल संथ आहे, मूर्ख नाही.

रात्रभर तिने कूस बदलली. बुधवारी सकाळी पिकअप चालवताना ती भाषणाची तालीम करत होती. "मर्ल, चूक कुणाकडूनही होते." हे फार कोरडं. "मर्ल, तू मदत केलीस हेच खूप आहे." हे पोराला सांगितल्यासारखं. "मर्ल, मी रागावलेली नाही." आणि खरंच ती रागावलेली नव्हती. आपण किती मोठ्या मनाने माफ करतोय हे बघून तिचे स्वतःचेच डोळे पाणावले होते. माणूस दुसऱ्याला माफ करायला निघाला की त्याच्याइतका सुखी कुणी नसतो.

फक्त एक गोष्ट राहिली होती. मर्ल नेमका कुठे चढला हे तिला दाखवता यायला हवं होतं, नाहीतर तो नाही म्हणेल, आणि मग वाद. त्या वर्षीच्या काड्या अजून असतील. वाळूतल्या काड्या एकीकडे, कड्यावर कापलेले दांडे दुसरीकडे, बोट ठेवून दाखवलं की संपलं.

म्हणून ती उत्तर टोकाला गेली.

त्या वर्षी गुडघा इतका दुखत होता की गाडी लावतात तिथून फार लांब जाणं तिला झेपलं नव्हतं. सगळ्या काड्या तिने या जवळच्या टोकालाच रोवल्या होत्या, कड्याच्या पायथ्याच्या वाळूत. तेवढं तिला पक्कं आठवत होतं. कड्यावर नाही, वाळूत. वाळू म्हणजे मेन्झीज.

काड्या होत्या. काही कललेल्या, काही अर्ध्या पुरलेल्या, पण निळं ठिकठिकाणी दिसत होतं. ती पहिल्या काडीशी गेली. बुडाशी कात्रीने नीट कापलेल्या दांड्याचा वाळका खुंट अजून होता. आजूबाजूला जुन्या झाडाच्या पडलेल्या बियांची रोपं उगवून आली होती, त्यातली दोन फुललेली. सायीच्या रंगाची फुलं, उंच दांडे.

ती दुसऱ्या काडीशी गेली. तिथेही तेच. तिसऱ्या, चौथ्या, नवव्या. तिला धाप लागली होती आणि ती लंगडत जवळजवळ पळत होती, या काडीवरून त्या काडीवर. एकाही ठिकाणी हळदीचा रंग नव्हता.

काड्या कुणी हलवल्या असतील, तिच्या मनात आलं. मर्लनेच. ती वाकली आणि लोकर बोटांत धरली. गाठ बापाची होती, दोन वेढे आणि आतून घेतलेला फास. मर्लला ती येत नाही. गावात कुणालाच येत नाही.

मग तिने मान वर करून कड्याकडे बघितलं, आणि चार वर्षांपूर्वी जे बघायला हवं होतं ते तिला दिसलं. कड्याचा एक मोठा लचका कधीतरी पावसात ढासळून खाली आला होता. वरची माती, वरची झाडं, सगळं घेऊन. त्यावर वाऱ्याने वाळू चढवली होती. तिने टाच रोवून वाळू बाजूला केली तर वीतभर खाली तांबडी माती लागली. कड्यावरची बहीण आपल्या मातीसकट खाली उतरली होती, खारा वारा खाऊन जाड झाली होती, आणि ओडेलिया स्ट्राउडने मार्चच्या पहिल्या आठवड्यात, फूल उमलायच्या आधी, दुखऱ्या गुडघ्यावर रेटत, नुसतं पान आणि पत्ता बघून तिला मेन्झीज ठरवलं होतं. ज्या चुकीसाठी दंतवैद्याला झाडलं होतं, तीच चूक. मर्लने फक्त सांगितलेलं काम केलं होतं.

ती तिथेच वाळूत बसली. किती वेळ बसली कोण जाणे. तिला आधी शरम वाटली, आणि मग शरमेपेक्षा वाईट काहीतरी वाटलं, कारण कोरिनच्या ऑफिसातलं स्वतःचं बोलणं तिला जसंच्या तसं ऐकू यायला लागलं होतं.

फोनला तिथे कशीबशी एक काडी रेंज येते. तिने कोरिनला लावला.

"मर्ल कड्यावर चढला नव्हता," ती म्हणाली. "चूक माझी आहे. फुलायच्या आधी काड्या रोवल्या मी."

 कोरिन म्हणाली, "ओडेलिया, तुम्हाला तेव्हा धड चालताही येत नव्हतं. कुणाला काही कळायची गरज नाही. वाऱ्याचंच सांगू ना आपण, सगळ्यांनाच."

"मर्लचं नाव घेताना मला वारा आठवला नव्हता," ओडेलिया म्हणाली आणि फोन ठेवला.

मळ्यावर मर्ल होता. इस्त्रीचा निळा शर्ट आजच घातला होता. बहुतेक घालून बघत असावा. जाळीचा एक कोपरा सैल झाला होता तो पक्कडीने आवळत होता. आत तीसेक झाडं उमलली होती.

"अगं ये, बघ," तो म्हणाला. "कालपर्यंत दहा-बारा होती. शुक्रवारी निम्मा मळा होईल. फोटोवाल्याचं नशीब."

"मर्ल, ही ती नाहीत."

"कोण ती?"

"ही मेन्झीज नाही. ही कड्यावरची आहे. सगळीच्या सगळी." तिने जाळीच्या आतल्या फुलाकडे बोट केलं. "उपटावी लागतील. खरी उमलायच्या आत."

मर्लने पक्कड बंद केली आणि मागच्या खिशात घातली. जाळीतून आत बघितलं, मग तिच्याकडे. चेहरा हळूहळू उतरला.

"माझ्याकडून झालं ना?" तो म्हणाला. "चुकीचं बी आणलं मी."

त्याने हे इतक्या सहज म्हटलं, जणू उत्तर खिशातच तयार होतं. "मला वाटलंच होतं," तो पुढे म्हणाला. "तीनशे बारा! एवढं चांगलं काही माझ्या हातून व्हायचं होतं होय? शेवटच्या दिवशी ऊन फार होतं. काहीतरी गोंधळ घातला असणार मी. लोक आले असते गं फोटोला. बरं झालं आधी बघितलंस."

ओडेलियाला नुसती मान हलवायची होती. तेवढं केलं असतं तर सगळं मिटलं असतं. तो तिच्यावर रागावलाही नसता. याआधी कधी रागावला होता?

"नाही," ती म्हणाली. "तू गोंधळ घातला नाहीस. मी चुकीच्या झाडांना लोकर बांधली. फूल बघितलं नाही, नुसतं पान बघून बांधली. आत्ता तिकडूनच येतेय, काड्या अजून आहेत. तू बी बरोबर आणलंस."

मर्लने वाकून जाळीची तार सरळ केली.

"आणि काल मी कोरिनला सांगितलं की तू चुकलास म्हणून. न बघता सांगितलं. आज फोन करून परत घेतलं."

"थांब," मर्ल म्हणाला. "त्याच्या आधीचं काय म्हणालीस?"

"मी चुकीच्या झाडांना..."

"ते नाही. शेवटचं."

"तू बरोबर आणलंस."

"सगळं?"

"सगळं. एक काडी चुकवली नाहीस. मी नऊ बघितल्या, नऊच्या नऊ ठिकाणी दांडे तू कापलेले, जसे कापायचे तसे."

मर्ल समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. ओडेलियाला वाटलं, गेला, मळ्यापायी माणूस खचला. ती जवळ गेली तर तो हसत होता. तोंडभर नाही, स्वतःशीच, डोळे ओले करून. तीनशे बारा झाडं मरणार होती, शुक्रवारचा फोटो गेला होता, न्हाव्याकडे सांगायला आता काही उरलं नव्हतं, आणि हा माणूस खूश होता. एवढ्याशा गोष्टीवर! ते बघून तिच्या काळजाला जसं लागलं तसं कड्याखालच्या गाठींनीही लागलं नव्हतं.

"चल मग," मर्ल म्हणाला. "आजच सुरू करू. बंद कळ्यांची आधी की उमललेली आधी?"

"उमललेली आधी," ओडेलिया म्हणाली.

त्याने कोपऱ्यातली जाळी सोडवली, आत गेला, इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि वाळूत गुडघे टेकले. ती त्याच्या शेजारी बसली. पहिलं झाड त्याने बुडाशी धरलं, हलक्या हाताने हलवलं आणि मुळासकट वर काढलं. मूळ लांब आणि पांढरं होतं. ते त्याने जपून बाजूला ठेवलं, पोत्यात टाकलं नाही. ओडेलियाचा हात दुसऱ्या झाडापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि तिने ते पुसलंही नाही.

"अगं, रडतेस काय," मर्ल म्हणाला. "रोपंच आहेत. पुन्हा पेरू. मला फक्त नीट दाखव कशी ओळखायची, म्हणजे पुढच्या वेळी दोघं मिळून बघू."

रोपांसाठी रडत नाहीये मी, हे सांगायला तिने तोंड उघडलं. पण त्याने तोवर पुढच्या झाडाचं फूल दोन बोटांत धरलं होतं, उन्हाकडे वळवलं होतं, आणि डोळे बारीक करून तो बघत होता.

"हे सायीसारखं आहे. दांडा उंच. म्हणजे कड्यावरची," तो म्हणाला आणि तिच्याकडे बघत थांबला. "ना?"

"हो," ओडेलिया म्हणाली. "बरोबर."